ऑस्ट्रेलियातली घरटंचाई आणि कोल्हापूरचं बिल्डिंग हार्डवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी आणि जुनं शिवाजी उद्यमनगर, सगळीकडून लहान कारखानदार आम्हाला साधारण हेच प्रश्न विचारतात. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. आम्ही इथल्या फौंड्री आणि मशीनशॉपमधून माल गोळा करून ऑस्ट्रेलियाला पाठवतो. खालचं सगळं त्याच एका देशापुरतं आहे. कॅनडा किंवा ब्रिटनला हे जसंच्या तसं लावू नका.

ऑस्ट्रेलियाच का?

तिथं घरं कमी आहेत आणि सरकारनं ते आकड्यात मान्य केलं आहे. केंद्र आणि राज्य सरकारांच्या नॅशनल हाउसिंग अकॉर्डप्रमाणे १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख नवी घरं बांधायची आहेत. म्हणजे वर्षाला सरासरी २ लाख ४० हजार. पहिल्याच वर्षी ते यात मागे पडले.

दुसरं कारण जकातीचं. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून भारतातून जाणाऱ्या सगळ्या मालाला तिथं शून्य जकात आहे. एरवी बहुतेक मालाला ५ टक्के लागायची. ५ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण कास्टिंगच्या धंद्यात तेवढ्यावरच ऑर्डर इकडची तिकडं होते.

घरं कमी म्हणजे आपल्या मालाला उठाव जास्त. बरोबर ना?

या एका प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त फसतात. तिथली घरं बिजागरी मिळत नाही म्हणून अडलेली नाहीत. जमिनीचं झोनिंग (कुठं काय बांधायचं याचे नियम), कौन्सिलची (तिथल्या नगरपालिकेची) परवानगी, व्याजदर आणि सुतार, गवंडी, प्लंबर यांची चणचण, अडलंय ते इथं. सरकारनं आकडा जाहीर केला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी कंटेनर मागवत नाही. घर मंजूर झालं, पाया पडला, सांगाडा उभा राहिला, की मग हार्डवेअरची पाळी येते. दाराची कडी तर सगळ्यात शेवटी.

उलट टंचाईच्या काळात बिल्डर बुडतात. करोनानंतर लाकूड आणि मजुरी भडकली, ठरलेल्या किमतीत घरं बांधून द्यायचे करार आधीच सह्या झालेले होते, आणि २०२२-२३ मध्ये तिथले बरेच बिल्डर दिवाळखोरीत गेले. त्यांच्या दारात ज्यांचा माल पडून होता, त्यांचे पैसेही तिथंच पडून राहिले.

मग उठाव कशाला आहे? सुताराचा वेळ वाचवणाऱ्या मालाला. तिथं सुताराचा तास महाग, बिजागरी स्वस्त. शंभरातल्या तीन बिजागऱ्यांची भोकं सरकलेली निघाली, तर त्या बदलायला जाणारा वेळ अख्ख्या खोक्यापेक्षा महाग पडतो. तुमचा दर चार आण्यांनी कमी आहे याचं त्या माणसाला काही वाटत नाही. खोकं फोडल्यावर प्रत्येक नग सारखा निघाला, तर पुढच्या वेळी तो तुमचंच खोकं मागतो.

कोल्हापूरनं नेमकं काय विकावं?

जे आपल्याला येतं ते. पितळी सामानात जामनगर, कुलपात अलिगड आणि बिजागरी-हँडलमध्ये राजकोट आपल्या पुढं आहे. तिथं जाऊन दरात कुस्ती खेळायची गरज नाही. ऊस गाळायचे चरक, ऑइल इंजिन, मग ट्रॅक्टर आणि मोटारीचे भाग असं करत इथलं ओतकाम वाढलं. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार, हीच आपली ताकद.

त्या हिशेबानं मॅनहोलची झाकणं आणि चौकटी, पाण्याच्या जाळ्या, सेंटरिंगचे विंग नट आणि अँकर प्लेट, मचाणाचे कपलर, खांबाखालचे बेस, कठड्याचे ओतीव भाग. यातलं सेंटरिंगचं सामान अनेकांच्या डोक्यातच येत नाही, कारण ते घरात राहत नाही. पण काँक्रीट ओतायचं म्हटलं की आधी ते लागतं. भाड्यानं देणाऱ्या कंपन्या ते ढिगानं घेतात, हरवलं-तुटलं की पुन्हा घेतात.

प्रेसशॉप असेल तर लाकडी सांगाड्याचे ब्रॅकेट आणि जॉइस्ट हँगरही (तुळई टेकवायचे पत्र्याचे आधार) बघा. तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात, आणि एकेका घरात असे ब्रॅकेट मुबलक लागतात.

इथं खपणारा माल तसाच चालतो का?

नाही. अलड्रॉप नेऊन दाखवला तर हे गोठ्याचं आहे का म्हणून विचारतील. त्यांच्या नेहमीच्या दाराचं माप २०४० बाय ८२० मिलिमीटर. साधी बिजागरी १०० बाय ७५, पत्रा १.६ मिलिमीटर. कुलपाचा बॅकसेट (दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर) साधारण ६० आणि दाराला भोक ५४ मिलिमीटरचं. ही मापं धरून त्यांचे दरवाजे कारखान्यातूनच तयार होऊन येतात. त्यामुळं "दोन मिलिमीटरनं काय होतंय" हे वाक्य इथंच सोडून जा.

सार्वजनिक इमारतीचं हँडल असेल तर अपंगांच्या सोयीचं मानक, एएस १४२८.१, बघावं लागतं. हँडल आणि दाराच्या मध्ये बोटांसाठी ३५ ते ४५ मिलिमीटर जागा हवी, आणि हात घसरून निसटू नये असा आकार हवा. गोल मुठीचं हँडल कितीही देखणं ओतलं तरी तिथं नापास.

आमच्याकडं डी क्लासच्या मॅनहोल झाकणाचा पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) तयार आहे. तोच चालेल?

आधी विचारा, कुठला डी. क्लास म्हणजे झाकण किती भार पेलतं ते. युरोपच्या ईएन १२४ या मानकात डी म्हणजे ४०० किलोन्यूटन. ऑस्ट्रेलियाच्या एएस ३९९६ मध्ये डी म्हणजे २१०, आणि ४०० हवं असेल तर ते ई. आपलं आयएस १७२६ तर टनात बोलतं: २.५, १०, २०, ३५. नुसतं "डी क्लास, हेवी ड्यूटी" असं लिहून कोटेशन पाठवलं तर युरोपचा पॅटर्न असलेला माणूस उगाच जड माल घालून दरात मागं पडतो. आणि ज्याला ४०० हवं होतं त्याला २१० गेलं तर काय होईल, ते सांगायला नको. कोटेशनमध्ये मानकाचा नंबर, क्लास आणि किलोन्यूटन तिन्ही लिहा.

वजनाची चाचणी पास झाली म्हणजे झालं, असंही नाही. झाकणांच्या तक्रारी बहुतेक वेळा आवाजाच्या असतात. झाकण चौकटीत नीट बसत नाही, गाडी गेली की खडखडतं, आणि शेजारचा घरमालक रात्री कौन्सिलला मेल टाकतो. म्हणून बैठकीची जागा मशीनिंग करून द्या, आणि झाकण त्याच्याच चौकटीत बसवून जोडी करून पाठवा. आमच्याकडं येणारं प्रत्येक झाकण आम्ही चौकटीत ठेवून चारी कोपऱ्यांवर पाय देऊन बघतो. चाचणी गावठी आहे, पण खडखड लगेच कळते. रस्त्यावरच्या जाळीची फट सायकलचं चाक अडकणार नाही अशा दिशेनं असावी, हेही ते बघतात.

गंजाचं काय? आम्ही पॉलिश करून झिंक प्लेटिंग देतो.

घरातल्या आतल्या सामानाला चालेल. बाहेरच्या कामाला नाही. त्या देशाची बरीचशी वस्ती समुद्रकाठी आहे, आणि खाऱ्या वाऱ्यात चकचकीत झिंक प्लेटिंग फार दिवस टिकत नाही. बाहेर किंवा छताच्या पोकळीत बसणाऱ्या पत्र्याच्या ब्रॅकेटला साधारण झेड २७५ लेप लागतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. समुद्राजवळ त्यावरही भागत नाही. तिथं घडाई झाल्यावर हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवणं), नाहीतर सरळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. स्वस्तातल्या ३०४ ला ३१६ म्हणून विकणारे महाभाग आहेत. समोरच्याकडं धातू ओळखायची पिस्तुलासारखी मशीन असते, ती एक सेकंद धरली की सगळं उघडं पडतं.

त्यात लाकूडही एक शत्रू. वाळवीसाठी आणि कुजू नये म्हणून तिथल्या लाकडाला तांब्याची रसायनं मुरवलेली असतात. ओलावा आला की ते तांबं जस्ताला खातं. त्यामुळं डेकचा स्क्रू समुद्रापासून शंभर मैल लांब असला तरी गंजतो, आणि दोष येतो आपल्या प्लेटिंगवर. ब्रॅकेट कुठल्या लाकडात जाणार, हे खरेदीदाराला आधीच विचारा.

फौंड्रीवाल्यांसाठी खास. हॉट डिप करायचं कास्टिंग शॉट ब्लास्ट केल्याशिवाय देऊ नका. जस्ताची टाकी साधारण ४५० अंशाला असते, आणि कास्टिंगच्या अंगाला भाजून बसलेली वाळू आम्लानं निघत नाही. तेवढ्या जागी जस्त धरत नाही आणि माल बाहेर आल्यावर काळे चट्टे दिसतात. गॅल्व्हनायझर म्हणणार कास्टिंग खराब, फौंड्री म्हणणार डिप खराब. त्या भांडणात आठवडा जातो, तोवर जहाज निघून जातं. नट-बोल्ट हॉट डिप करायचे असतील तर नटाचा आटा थोडा मोठा पाडावा लागतो, हे मशीनशॉपला आधी सांगा. आणि जास्त ताकदीच्या बोल्टला प्लेटिंग देत असाल तर नंतर भट्टीत बेकिंग करून घ्या, नाहीतर हायड्रोजननं ठिसूळ होऊन बोल्ट ताणाखाली अचानक तुटतो.

नळ, व्हॉल्व, पाण्याची फिटिंग?

सुरुवात यापासून करू नका. पाण्याच्या मालाला तिथं वॉटरमार्क प्रमाणपत्र लागतं, आणि ते खर्चिक आणि वेळखाऊ आहे. शिवाय पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या तांब्या-पितळेच्या मालात शिसं सरासरी ०.२५ टक्क्यांच्या वर चालत नाही, १ मे २०२६ पासून हा नियम लागू आहे. आपलं नेहमीचं पितळ त्यात बसत नाही.

टेस्ट सर्टिफिकेट कुठलं चालतं?

एनएबीएल (आपल्याकडं प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं. आंतरराष्ट्रीय करारामुळं तिथली नाटा ही तशीच संस्था ते मानते. पण त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत तुमची नेमकी चाचणी आहे का, हे बघून घ्या. नाहीतर कागदावर चिन्ह असतं आणि त्या चाचणीला मान्यता नसते.

सर्टिफिकेट माल पाठवायच्या दिवशी करायची गोष्ट नाही. प्रत्येक हीटला (भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या लोखंडाला) नंबर द्या, तो कास्टिंगवर उठवा, आणि त्या हीटचा टेस्ट बार जपून ठेवा. क्वीन्सलँड राज्यात २०१७ पासून बांधकामाच्या सदोष मालाची जबाबदारी डिझाइन करणाऱ्यापासून आयात करणाऱ्या आणि बसवणाऱ्यापर्यंत साखळीतल्या सगळ्यांवर आहे. त्यामुळं आयातदार तुमच्याकडं कागद मागतो तो छळायला नाही, उद्या त्याला उत्तर द्यायचं असतं.

कागदपत्रं कोणती?

आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, तो डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) वेबसाइटवर निघतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो. बंदरावर बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या नंबरची) नोंद. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र. ड्रॉबॅक आणि आरओडीटीईपी (निर्यातदाराला कर परत देणाऱ्या योजना) यांचे दर एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या नंबरावर ठरतात, म्हणून कोड नीट बघा: दार-खिडकीचं सामान ८३०२, कुलपं ८३०१, नट-बोल्ट-स्क्रू ७३१८, लोखंडी ओतीव माल ७३२५. बाकी तुमचा सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) बघेल, तो त्याचेच पैसे घेतो.

शून्य जकात हवी असेल तर करारातलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढायला विसरू नका. ते नसेल तर करार असून नसल्यासारखा.

चीनहून माल आणून कोल्हापुरात खोक्यात भरला तर?

तो माल चीनचाच. खोक्यावर अंबाबाईचं चित्र छापलं तरी ओरिजिन बदलत नाही. पकडलं गेलं तर दंड आयातदाराला बसतो, आणि तुमचं नाव बाजारात फिरतं.

पॅकिंगला एवढं महत्त्व का देतात?

कारण त्यांची जैवसुरक्षा फार कडक आहे. लाकडी पॅलेट ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेला आणि एचटीचा शिक्का असलेला हवा. साल चिकटलेलं लाकूड चालत नाही. पेंढा, उसाचं पाचट, गोणपाटाचे तुकडे, जे आपण कास्टिंगच्या मध्ये सहज कोंबतो, ते अजिबात नको.

मातीचं तर विचारूच नका. फौंड्रीच्या अंगणात कास्टिंग उघड्यावर पडलेलं असतं, खालून चिखल, फटीत गवताचं बी. तिथल्या अधिकाऱ्यानं कंटेनर उघडला आणि झाकणाच्या फासळीत सुकलेली माती दिसली, की धुवायचा खर्च, थांबायचा खर्च, कधी माल परत. भारतातून येणाऱ्या कंटेनरवर धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंगेऱ्यामुळंही त्यांची नजर असते, त्यामुळं आधी धान्य वाहिलेला कंटेनर घेऊ नका. लोड करायच्या आधी कंटेनर स्वतः झाडून घ्या आणि फोटो काढा.

आणि अ‍ॅस्बेस्टॉस. गॅस्केट किंवा पॅकिंगमध्ये त्याचा अंशही नको. २००३ च्या अखेरीपासून तिथं त्याच्या आयातीला पूर्ण बंदी आहे.

पावसाळ्यात माल निघतो का?

निघतो, पण तारखा सैल ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस बंदच राहिला. न्हावा शेवा बंदर इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. ट्रक किणीच्या टोलनाक्यापुढं गेला तर गेला. आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा माल शक्यतो आधीच बंदराकडं हलवतो. गोदामाचं भाडं पडतं, पण चुकलेल्या जहाजापेक्षा स्वस्त.

पावसातला दुसरा त्रास कंटेनरच्या आत. दमट हवेत भरलेला माल समुद्रात रात्री थंड झाला की छताला पाणी धरतं आणि थेंब थेंब खाली पडतं. मशीनिंग केलेल्या जागांना गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद आणि कंटेनरला ओलावा शोषणाऱ्या पिशव्या हे तिन्ही लागतं. जहाज बहुधा कोलंबो किंवा सिंगापूरला माल बदलून जातं, महिनाभर तरी धरा.

कंटेनर किती भरतो?

ओतीव माल असेल तर २० फुटीच घ्या. वजन आधी भरतं, जागा उरते. प्रमाणित वजन जाहीर केल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, तेव्हा काट्याची पावती जपा.

पैसे बुडतात का?

बुडू शकतात. म्हणून आम्ही थेट बिल्डरला माल देत नाही, कितीही गोड बोलला तरी. आयातदार, घाऊक विक्रेते किंवा सेंटरिंग भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांशीच व्यवहार. पहिल्या ऑर्डरला ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत दाखवल्यावर, असं बऱ्याचदा ठरतं. मोठी रक्कम असेल तर एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी). उधारी देणारच असाल तर ईसीजीसीचा विमा काढा. ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवले तर ठरलेला हिस्सा भरून देते, आणि मर्यादा मंजूर करताना त्या खरेदीदाराची पत तपासते. खरेदीदाराला मर्यादाच मिळाली नाही, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

जमेल. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. मेल छोटे लिहा आणि सकाळी लिहा. आपल्याकडं साडेअकरा-साडेबारा वाजले की सिडनीत पाच वाजतात आणि ऑफिस रिकामं होतं. शुक्रवारी दुपारी पाठवलेलं कोटेशन सोमवारीच उघडतं.

पॅटर्न कोणाच्या मालकीचा?

पैसे ज्यानं दिले त्याचा. हे तोंडी ठरवू नका. खरेदीदारानं पॅटर्नचे पैसे दिले असतील तर बिलात वेगळी ओळ घाला, पॅटर्नवर त्याचं नाव रंगवा, आणि त्याच पॅटर्नवर दुसऱ्याला माल ओतून देणार नाही असं लिहून द्या. तुम्ही स्वतः पैसे घातले असतील तर ते दरात किती नगांवर वसूल होणार हे त्याला सांगा, आणि तेवढे नग न घेता त्यानं ऑर्डर थांबवली तर उरलेली रक्कम कोण देणार, हेही पहिल्या ऑर्डरच्या कागदावरच लिहून सही घ्या.